इंजिनाचे वजन कशावर? माउंटिंग घरी बदलू पाहणाऱ्या वाचकांना उत्तरे

पावसाळा सरताना गाडीच्या कुरबुरींची पत्रे वाढतात, हा या सदराचा नेहमीचा अनुभव आहे. या वेळी मात्र निम्म्याहून अधिक पत्रे एकाच भागाविषयी आली आहेत. गॅरेजमध्ये त्याला कोणी 'माउंटिंग' म्हणतो, तर कोणी 'फाउंडेशन'. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे वजन पेलणे, त्यांची थरथर गाडीच्या सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे आणि तरीही इंजिनाला जागचे हलू न देणे, अशी परस्परविरोधी तीन कामे दोन धातूंच्या मध्ये चिकटवलेल्या या रबराकडे सोपवलेली असतात. एकाच स्वरूपाची पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे 2013 सालची तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक असून ती 1 लाख 12 हजार किलोमीटर चालली आहे. काही महिन्यांपासून सिग्नलला उभे असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरतात, आणि रिव्हर्स टाकून क्लच सोडताना पुढून 'धप्प' असा आवाज येतो. गॅरेजमध्ये तिन्ही माउंटिंग बदलावी लागतील असे सांगितले आहे. ऑइल, फिल्टर आणि ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. हे कामही घरी करता येईल का, आणि करायचे तर कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : करता येईल, परंतु पाना हातात घेण्यापूर्वी आजार खरोखर माउंटिंगचाच आहे याची खात्री करावी, आणि काम चालू असताना इंजिनाचे वजन नेमके कशावर आहे, या प्रश्नाचे उत्तर तुमच्याकडे प्रत्येक क्षणी तयार असावे. बाकीचे सारे नट-बोल्टचे काम आहे आणि ब्रेक पॅड बदलणाऱ्या माणसाला ते जड जाऊ नये.

तुम्ही सांगितलेली दोन लक्षणे एकाच पारड्यात टाकू नका. उभ्या गाडीची थरथर अनेक कारणांनी होते. तीन सिलिंडरच्या इंजिनाची मुळातच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे डुलण्याची प्रवृत्ती असते. शिवाय मिनिटाला 900 फेऱ्यांवर चालताना त्यात सेकंदाला साडेबावीस स्फोट होतात, तर त्याच वेगाने चालणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात तीस. ठोके जितके विरळ, तितके ते रबराला अडवायला कठीण जातात. त्यामुळे अशा गाडीत थोडी थरथर नवी असतानाही होती, हे आपण विसरलेलो असतो. त्यातच एखादा स्पार्क प्लग किंवा कॉइल कमकुवत होऊन गाडी किंचित 'मिसिंग' मारू लागली, म्हणजे एखादा स्फोट चुकू लागला, थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत, काजळी साचली किंवा सायलेन्सरचे रबर तुटून नळी सांगाड्याला टेकली, तरी सीट तशीच थरथरते. म्हणून ही चार ठिकाणे आधी पाहावीत. तो खर्च माउंटिंगच्या खर्चापुढे किरकोळ आहे. थरथर केवळ ताशी 80 ते 100 किलोमीटर वेगाला येत असेल, तर माउंटिंगचे नावही न काढता चाकांचे बॅलन्सिंग तपासून घ्यावे.

रिव्हर्समधला 'धप्प' मात्र माउंटिंगकडे बोट दाखवतो, आणि त्यामागचा हिशेब पाहिला तर नवल वाटणार नाही. समजा इंजिन 90 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, देते. पहिल्या गिअरचे प्रमाण 3.5 आणि शेवटच्या गिअरचे 4.3 धरले, तर एक्सलवर सुमारे 1,350 न्यूटन-मीटर टॉर्क पोहोचतो. तुमच्यासारख्या आडव्या इंजिनाच्या गाडीत हे दोन्ही गिअर इंजिनाला जोडलेल्या एकाच पेटीत असल्याने चाकांना मिळणारा सारा पीळ उलट दिशेने माउंटिंगवर येतो. पहिल्या गिअरमध्ये संपूर्ण इंजिन एका दिशेने झुकते, तर रिव्हर्समध्ये दुसऱ्या दिशेने. रबर फाटलेले असेल, तर हे झुकणे धातूवर धातू आदळूनच थांबते. तोच तुमचा 'धप्प'.

तपासणीसाठी दोन माणसे लागतात. बोनेट उघडून एकाने गाडीच्या बाजूला उभे राहावे, समोर कदापि नाही. दुसऱ्याने हँडब्रेक ओढून, ब्रेक घट्ट दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच फक्त इतकाच सोडावा की इंजिनाला ओढ जाणवेल, आणि लगेच पुन्हा दाबावा. मग हेच रिव्हर्समध्ये करावे. इंजिन थोडे झुकणारच, पण ते इंचभर किंवा अधिक उसळत असेल आणि आवाज येत असेल, तर निदान बहुतांशी पक्के झाले. त्यानंतर इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात प्रत्येक माउंटिंग पाहावे. वरवरच्या बारीक सुरकुत्या वयानुसार येतात, त्यांना घाबरू नये. रबर धातूपासून सुटलेले दिसणे, आरपार चीर असणे, मधला धातूचा गाभा एका बाजूला बसलेला असणे किंवा खाली काळपट चिकट ओघळ दिसणे, ही खरी लक्षणे आहेत. ओघळ असेल तर ते माउंटिंग हायड्रॉलिक आहे. त्याच्या पोटात ग्लायकोलयुक्त द्रव असतो. तो अरुंद वाटेने इकडून तिकडे जाताना मोठे हेलकावे जिरवतो. हा द्रव गळून गेला की उरलेले मऊ रबर एकट्याने ते काम करू शकत नाही.

येथे थोडे थांबतो, कारण बहुतेक ठिकाणी काम इथेच बिघडते. माउंटिंग का गेले, हे कोणी विचारत नाही. तुमच्या गाडीचे वय आणि धाव पाहता ते नैसर्गिकरीत्या झिजले असणे शक्य आहे. परंतु टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगमधून झिरपणारे ऑइल महिनोन्महिने उजव्या माउंटिंगवर ठिबकत असेल, तर ते रबर फुगून, मऊ पडून मरते, आणि त्याच जागी बसवलेले नवे माउंटिंगही त्याच मार्गाने जाते. रबर हाताला चिकट लागले, बोट काळे झाले, की आधी गळती थांबवावी आणि मगच नवा भाग आणावा.

आता रचना. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांत उजवीकडे, म्हणजे टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला एक आणि डावीकडे गिअरबॉक्सवर एक, अशी दोन माउंटिंग वजन पेलतात. तिसरे खाली मागच्या बाजूला असते, दोन्ही टोकांना बुश, म्हणजे रबरी कडी, असलेल्या आखूड दांड्यासारखे. या तिसऱ्याला टॉर्क रॉड म्हणतात. तो वजन उचलत नाही, फक्त इंजिनाचे झुकणे आवरतो. म्हणूनच 'धप्प' आवाजाच्या बाबतीत माझा पहिला संशय याच्यावर असतो. तो तिघांत स्वस्त असतो आणि बदलायलाही सर्वांत सोपा. गॅरेजचा 'तिन्ही बदला' हा सल्ला मात्र फसवणुकीचा समजू नये. एक माउंटिंग खचले की इंजिन तिरके बसते आणि उरलेल्या दोघांवर ताण येतो. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत तिन्ही एकदम बदलणे मला योग्य वाटते. पैशाची ओढ असेल तर आधी टॉर्क रॉड बदलून आठवडाभर गाडी चालवून पाहावी.

जागा सपाट आणि टणक हवी. सोसायटीच्या वाहनतळातले पेव्हर ब्लॉक दिसायला टणक असतात, पण जॅकच्या चाकाखाली ते दबतात आणि जॅक कलतो. तेथे जाड प्लायवूडचा तुकडा अंथरावा. उतारावर हे काम करूच नये. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी लावाव्यात आणि हँडब्रेक ओढलेला असावा. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असावी, म्हणजे रेडिएटरचा पंखा अचानक फिरण्याचा किंवा पाना चुकून तारेला टेकण्याचा प्रश्न उरत नाही. साधनांमध्ये ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड म्हणजे घोड्या, 14 आणि 17 नंबरच्या गोट्या म्हणजे सॉकेट, त्यांचा लांब दांडा, एक्स्टेन्शन आणि ठरलेल्या जोराइतकेच आवळू देणारा टॉर्क रेंच इतके पुरते. काही गाड्यांना 16, 18 किंवा 19 नंबरही लागतो. डिकीतला स्क्रू जॅक पंक्चर काढण्यासाठी असतो, तो येथे वापरू नये.

गाडीखाली जाण्याची गरज फक्त टॉर्क रॉडसाठी पडते. त्या वेळी सांगाड्याच्या ठरलेल्या जागी दोन्ही घोड्या लावून, गाडी हाताने हलवून पाहून मगच आत सरकावे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोकेच काय, हातही घालू नये.

उजव्या माउंटिंगसाठी इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो. ट्रॉली जॅकवर दीड-दोन इंच जाडीची रुंद लाकडी फळी ठेवून ती इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या संपच्या, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चेंबरच्या, कडांजवळ टेकवावी. वजन पसरले पाहिजे आणि ड्रेन बोल्टवर अजिबात येता कामा नये. जॅक इतकाच वर घ्यावा की माउंटिंगवरचा भार हलका होईल. गाडी उचलण्याचा हेतू नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर किलोच्या वर भरतात. पत्र्याचा चेंबर चेपला तर आतली ऑइल ओढणारी जाळी त्याला टेकते, आणि मग थरथरीपेक्षा फार मोठे दुखणे पदरी येते.

आधार पक्का झाला की जुन्या माउंटिंगच्या कडा सांगाड्यावर रंगाच्या पेनाने आखून घ्याव्यात आणि दोन-चार छायाचित्रे काढावीत. बोल्ट सैल करताना तो शेवटपर्यंत हलक्या हाताने फिरत असेल, तर जॅकची उंची बरोबर आहे. तो अडकत, कुरकुरत येत असेल तर अजून भार आहे. जॅक एक-दोन मिलिमीटर वर किंवा खाली करावा, पण दांड्यावर जोर वाढवू नये. कूलंटची बाटली बाजूला करावी लागते, तिची नळी न काढताही ते जमते. एसीच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या जवळून जात असतील तर त्यांवर डोळा ठेवावा, त्या वाकवल्या की गॅस गेलाच म्हणून समजा. एका वेळी एकच माउंटिंग काढावे, ही गोष्ट मी अटीसारखी सांगतो. दोन मोकळी केली की इंजिन सरकते आणि भोके परत जुळवताना संध्याकाळ होते.

नवे माउंटिंग जुन्याशेजारी ठेवून भोकांतले अंतर, उंची आणि बाणाची खूण पडताळावी. हायड्रॉलिक माउंटिंगवर बाण उलटा आला तर ते बसते, पण काम करीत नाही. सर्व बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे फिरवावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा शोधणे ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक आहे, कारण त्यात ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमधले आटे जातात. सगळे बोल्ट लागले की जॅक हळूहळू खाली घेऊन इंजिनाला स्वतःच्या वजनावर बसू द्यावे, हाताने दोन-तीनदा डोलवावे आणि त्यानंतरच टॉर्क रेंचने अखेरचे आवळावे. डावीकडचे माउंटिंगही याच पद्धतीने बदलते. बहुतेक गाड्यांत त्याआधी बॅटरी आणि तिचा ट्रे काढावा लागतो, आणि जॅकची फळी गिअरबॉक्सच्या भक्कम ओतीव भागाखाली यावी लागते. टॉर्क रॉड सर्वांत शेवटी, गाडी चारही चाकांवर उभी असताना किंवा इंजिन नैसर्गिक स्थितीत असताना आवळावा. नाही तर त्याचे बुश पिळलेल्या अवस्थेतच अडकतात आणि थोड्या महिन्यांत फाटतात.

किती आवळायचे, हा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. 8.8 दर्जाच्या (हा मजबुतीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो) 10 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला साधारणतः 45 ते 50 आणि 12 मिलिमीटरच्या बोल्टला 80 न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क चालतो, पण हा केवळ अंदाज आहे. काही गाड्यांत बोल्ट ठरावीक टॉर्कनंतर अंशांत फिरवून ताणायचे असतात आणि ते दुसऱ्यांदा वापरता येत नाहीत. 200 ते 300 किलोमीटर चालल्यावर सर्व बोल्ट एकदा पुन्हा तपासावेत.

प्रश्न : माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. एसी चालू असताना सिग्नलला 'डी'मध्ये (ड्राइव्ह) ब्रेक दाबून थांबले की डॅशबोर्डपर्यंत थरथर येते; 'एन'मध्ये (न्यूट्रल) टाकले की ती जाते. माझे वडील म्हणतात, प्रत्येक सिग्नलला 'एन' कर म्हणजे झाले. हे माउंटिंगच असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या वडिलांचा उपाय चुकीचा नाही, पण त्याने दुखणे झाकले जाते. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी द्रवातून पीळ पोहोचवणारा भाग, असलेल्या गाडीत 'डी'मध्ये थांबल्यावरही इंजिन चाकांना थोडे ओढत असते. त्या ओढीने माउंटिंगचे रबर आधीच एका बाजूला दबते, आणि ते खचलेले असेल तर मधला गाभा अडवणीला टेकून इंजिनाची थरथर थेट पत्र्यात उतरते. 'एन'मध्ये ओढ संपते, गाभा सुटतो आणि गाडी शांत होते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावर आणखी भार टाकतो, म्हणून तक्रार उन्हाळ्यात वाढते.

तरीही आधी आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या, काट्याकडे पाहा. काटा स्थिर असून थरथर येत असेल, तर माउंटिंगवरचा संशय बळावतो. काटाच वरखाली होत असेल किंवा 'डी'मध्ये फार खाली येत असेल, तर थ्रॉटल बॉडी, प्लग आणि कॉइल यांची पाळी आधी. मात्र ऑटोमॅटिकचे गिअरबॉक्सकडचे माउंटिंग घरी बदलण्याचा सल्ला मी देणार नाही. त्या गिअरबॉक्सच्या तळाचे पॅन बहुधा पातळ पत्र्याचे असते, त्याच्या लगेच वर ऑइलचा फिल्टर असतो, आणि जॅकच्या फळीची जागा चुकली तर होणारे नुकसान माउंटिंगच्या किमतीच्या कितीतरी पट असते. उजवीकडचे एकच माउंटिंग खराब निघाले, तर गोष्ट वेगळी. गाडी हायब्रिड असेल तर मात्र उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी रंगाच्या तारांच्या आसपास घरच्या पान्याने जाऊच नये.

प्रश्न : मी आणि माझ्या मावसभावाने मिळून तिन्ही माउंटिंग घरी बदलली. 'धप्प' आवाज गेला, पण उभ्या गाडीची थरथर पूर्वीपेक्षा वाढली. शिवाय गाडी आता कधी कधी एका दमात सुरू होत नाही. आम्ही काय बिघडवले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दुसऱ्या तक्रारीचे उत्तर सोपे असण्याची शक्यता आहे. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची जाड तार पुष्कळ गाड्यांत डाव्या माउंटिंगच्या किंवा त्याजवळच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली असते. काम संपल्यावर ती लोंबत राहिली असेल, अथवा रंग आणि गंज न खरवडता लावली असेल, तर स्टार्टरला पुरेसा प्रवाह मिळत नाही. दहा मिनिटांत हे पाहून होते.

थरथरीसाठी तीन ठिकाणी शोध घ्यावा. पहिले, रबराला पीळ. जॅकचा आधार असतानाच तुम्ही बोल्ट पूर्ण आवळले असतील, तर जॅक काढल्यावर इंजिन खाली बसताना नवे रबर ताणले गेले आणि तसेच अडकले. टॉर्क रॉड सैल करावा. मग जॅकचा हलका आधार देऊन वरच्या माउंटिंगचे बोल्ट अर्धा-एक फेरा सैल करावेत, जॅक खाली घेऊन इंजिन हाताने डोलवावे, बसू द्यावे आणि वरची माउंटिंग आधी, रॉड शेवटी, या क्रमाने पुन्हा आवळावे. माझ्या पाहण्यात निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटल्या आहेत. दुसरे, काहीतरी टेकणे. नव्या माउंटिंगने खचलेले इंजिन पूर्वीच्या उंचीवर आणले, की इतके दिवस मोकळी असलेली सायलेन्सरची नळी, तिच्यावरचा पत्रा किंवा एसीची नळी सांगाड्याला टेकू लागते. इंजिन चालू ठेवून बाजूने पाहिल्यास ते दिसते. गरम नळीला हात लावू नये.

तिसरे कारण तुम्हाला आवडणार नाही. माल हलका असू शकतो. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला एकाच गाडीचे माउंटिंग तीन वेगवेगळ्या किमतींना मिळते, आणि तिन्ही डब्यांत हाताला जवळजवळ सारखेच लागते. फरक रबराच्या मिश्रणात आणि ते धातूला कसे चिकटवले आहे यात असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मूळ माउंटिंग हायड्रॉलिक असताना तुम्हाला त्याच आकाराचे भरीव रबर दिले गेले असेल, तर गाडी थरथरणारच. जुने माउंटिंग टाकून दिले नसेल तर दोन्ही तोलून पाहा किंवा हलवून पाहा. वजन पेलणाऱ्या दोन माउंटिंगसाठी कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा भाग घ्यावा. काटकसर करायचीच तर ती टॉर्क रॉडवर करावी.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. माउंटिंगचे बोल्ट इतके गंजले आहेत की पाना लावला की डोके घासले जाते. गॅसवर तापवून काढावेत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. रबर, ऑइल आणि पेट्रोलची नळी जिथे हातभर अंतरावर आहे, तिथे घरी ज्योत लावू नये. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल बोल्टच्या आट्यांवर सोडावे, जवळच्या रबरावर फडके झाकून. सकाळी पुन्हा एकदा सोडावे. बारा कोनांची गोटी किंवा उघड्या तोंडाचा पाना न वापरता सहा कोनांची गोटी वापरावी आणि बोल्ट प्रथम किंचित आवळून पाहावा. गंजाची पकड उलट्या दिशेने मोडली की तो पुष्कळदा सुटतो. एकदा हलला की अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, असे करीत तेल देत काढावा.

खरा धोका बोल्ट तुटण्याचा नाही. सांगाड्याच्या पोकळीत वेल्डिंग केलेला नट सुटून बोल्टबरोबरच गरगर फिरू लागण्याचा आहे. तसे झाले की घरचे काम संपले, कारण तो नट धरायला पत्रा कापावा लागतो. जुना बोल्ट परत लावू नये. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा जो आकडा कोरलेला असेल, त्याच दर्जाचा आणि त्याच लांबीचा नवा आणावा. आट्यांना ग्रीस फासण्याचा मोह किनारपट्टीवर सर्वांनाच होतो. ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला कितीतरी अधिक ताणला जातो, त्यामुळे मॅन्युअलने सांगितले नसेल तर आटे कोरडे ठेवावेत आणि आवळून झाल्यावर बोल्टच्या डोक्यावर बाहेरून गंजरोधक लेप द्यावा.

प्रश्न : रबराऐवजी पॉलियुरेथेनची माउंटिंग बसवली तर ती जन्मभर टिकतात असे ऐकले. बसवावीत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : टिकतात, कारण ती कडक असतात, आणि कडक असल्यामुळेच इंजिनाची सगळी थरथर ती तुमच्या पाठीच्या कण्यापर्यंत इमानेइतबारे पोहोचवतात. शर्यतीच्या गाडीत ते चालते. तुमच्या पत्रात रोज ऑफिसला जाण्याचा उल्लेख आहे, तेव्हा रबरच बसवावे.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. परवा अचानक पंखा रेडिएटरला घासू लागला. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, इंजिनाचे फाउंडेशन गेले. माउंटिंगचा आणि पंख्याचा संबंध काय? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : संबंध थेट आहे. तुमच्या गाडीचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले आहे आणि पंखा इंजिनावर आहे, तर रेडिएटर सांगाड्यावर. फाउंडेशनचे रबर खचले की इंजिन खाली आणि पुढे येते, पंखा त्याच्याबरोबर येतो आणि रेडिएटर जागेवरच राहतो. पाती जाळी फाडण्यापूर्वीच गाडी उभी केली असेल, तर चांगले झाले. दुरुस्ती होईपर्यंत ती चालवू नका.

जुन्या गाड्यांत हा विषय केवळ आरामाचा नसतो. ॲक्सिलरेटर दांड्यांनी जोडलेला असेल, तर फाउंडेशन तुटून उसळलेले इंजिन स्वतःच थ्रॉटल ओढून उघडू शकते. अमेरिकेत नेमक्या याच दोषापायी जनरल मोटर्सला डिसेंबर 1971 मध्ये सुमारे 67 लाख शेव्हरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि उपाय म्हणून इंजिनाला आवरून धरणारी एक तार बसवण्यात आली होती.

तुमच्या गाडीच्या घराण्याचा या रबराशी जुना संबंध आहे, तेवढे विषयांतर क्षम्य मानावे. इंजिन रबरावर तरंगते ठेवून चार सिलिंडरची थरथर लपवण्याची 'फ्लोटिंग पॉवर' ही रचना क्रायस्लरने 1931 साली प्लिमथ गाडीत आणली. फ्रान्समध्ये सित्रोएनने ती परवान्याने घेतली आणि तिची खूण म्हणून गाड्यांवर पोहणारा हंस लावला. त्याच क्रायस्लरच्या परवान्याने वालचंद हिराचंद यांच्या, 1944 मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात प्लिमथ आणि डॉज गाड्यांची जुळणी केली. फियाटची घडण त्यानंतर आली.

तुमचे काम आडव्या इंजिनाच्या गाडीपेक्षा सोपे आहे, कारण हाताला जागा भरपूर आहे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे पुढचे रबर जोडीनेच बदलावे आणि गिअरबॉक्सच्या मागचे तिसरेही त्याच वेळी पाहावे. चेंबरखाली फळी ठेवून इंजिन उचलण्यापूर्वी रेडिएटरची वरची रबरी नळी आणि ॲक्सिलरेटरचा दांडा सोडून ठेवावा, अन्यथा त्यांवर ताण येतो. सायलेन्सरचा पुढचा क्लॅम्पही सैल करावा. या गाडीचे रबर आता बाजारात जुना साठा म्हणून मिळते. ते नवेकोरे दिसले तरी वर्षानुवर्षे पडून कडक झालेले असू शकते, म्हणून नखाने दाबून पाहावे आणि चीर पडत असेल तर परत करावे. इंजिन खाली बसवून बोल्ट आवळल्यावर पंखा हाताने पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक पात्याचे रेडिएटरपासूनचे अंतर बघावे. एखादेच पाते जवळ येत असेल तर ते पाते वाकलेले आहे. सगळीच जवळ असतील तर इंजिन अजून पुढे बसलेले आहे, आणि फाउंडेशनचे बोल्ट पुन्हा सैल करून ते मागे घ्यावे लागेल.